तोंड कोणीकडे ठेवू, काकाजी?

पिपरी मेघेत एखाद्याचं बरं चाललंय की नाही, हे त्याच्या घराच्या बाहेरच्या बाजूवरून ओळखतात. आधी गेटला ग्रॅनाइटची पाटी लागते. मग पोर्चमध्ये चारचाकी येते. मग सीसीटीव्हीचे कॅमेरे येतात आणि रात्रभर गल्लीतल्या कुत्र्यांचं चित्रीकरण करतात. त्यानंतर काय लावायचं, हे बरीच वर्षं कोणाला सुचत नव्हतं. आता सुचलंय. बाहेरचे स्पीकर! घरात गाणं लावलं तर ते घरच्यांनाच ऐकू येतं, आणि आपलं नेमकं किती बरं चाललंय हे घरच्यांना ठाऊकच असतं. त्यांच्यावर आवाज वाया घालवण्यात काय अर्थ?

आमचं गाव वर्ध्याला इतकं खेटून आहे, की वर्धा कुठे संपलं आणि पिपरी कुठे सुरू झाली, हे फक्त घरटॅक्स भरताना कळतं. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटचे प्लॉट झाले, आणि माणसं आडनावावरून प्लॉटच्या नंबरावर आली. ‘सतरा नंबरवाले काका’ म्हटलं की पुरतं. या सतरा नंबरवाल्या काकांनी निवृत्तीनंतर स्पीकरचं मनावर घेतलं आणि आमच्या ले-आउटच्या ध्वनिशास्त्राच्या शिक्षणाला सुरुवात झाली.

खरं म्हणजे हा जिल्हा जगाला माहीत आहे तो गप्प बसण्यासाठी. १९३६ मध्ये गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले, त्याचं पुढे सेवाग्राम झालं. दर सोमवारी त्यांचं मौन असे. सांगायचंच झालं तर कागदावर लिहून. विनोबांनी त्यावरही ताण केली. पवनारच्या आश्रमात २५ डिसेंबर १९७४ ला त्यांनी मौन धरलं ते वर्षभर. मध्ये देशात आणीबाणी आली, तरी मौन काही सुटलं नाही. मौनाची एवढी शिल्लक दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या नावावर जमा नसावी. ती खर्च करण्याची जबाबदारी आता आमच्या पिढीवर येऊन पडली आहे, आणि आम्ही ती मनापासून पार पाडतो आहोत.

यात सगळा दोष पिपरीचा नाही. १९१५ साली कॅलिफोर्नियातल्या नापा नावाच्या गावात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम या दोघांनी लाउडस्पीकर तयार केला. तयार झाल्यावर त्यांनी काय केलं असेल? घराच्या छतावर चढवला, भोंग्याचं तोंड गावाकडे केलं आणि लावली रेकॉर्ड. त्याच वर्षी २४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर नाताळच्या जाहीर कार्यक्रमात तो हजारोंनी ऐकला, ते नंतरचं. मूळ पुरुष घराच्या छतावरच वाजला. आपल्याकडे नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या सभांना भोंगे पुरवले, तेव्हा कुठे लाखालाखाच्या सभेत शेवटच्या माणसाला नेत्याचं बोलणं ऐकू आलं. देश जागा करायला भोंगा लागला, हे खरं. आता देश जागा आहे, पण भोंगे शिल्लक आहेत. ते कुठेतरी लावायला नकोत?

तर काकांनी सल्लागार नेमले. म्हणजे नेमले नाहीत, ते आपोआप जमले. पहिला, पुण्यातला भाचा. तो हिंजवडीला नोकरीला असल्यामुळे त्याला सगळं कळतं. त्याने फोनवर सांगितलं, “मामा, एकच मोठा स्पीकर घेऊ नका. चार लहान घ्या, चार ठिकाणी लावा आणि आवाज कमी ठेवा.” दुसरा, काकूंचा भाऊ. त्याचं म्हणणं, “भाऊजी, कायले भानगडीत पडता? एक अहुजाचा भोंगा टांगा वर. तीन पिढ्या वाजते.” आणि तिसरा, साऊंडवाला पोट्टा. याने तालुक्यातली निम्मी लग्नं वाजवलेली. तो आला, कंपाउंडवर नजर फिरवली आणि दर सांगावा तसा म्हणाला, “दोन टॉप, दोन बेस. काकाजी, वाजलं तर वाजलं पाहिजे.”

सगळ्यात आधी वॅटचा घोळ सुरू झाला. आमच्याकडे स्पीकर वॅटवर जोखतात. दुकानातल्या एका खोक्यावर पाच हजार लिहिलेलं होतं. पुढे बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’. हा आकडा म्हणजे स्पीकर मरण्यापूर्वी क्षणभर किती किंचाळू शकेल, याचा कंपनीने बांधलेला अंदाज. रोजच्या कामाचा आकडा ‘आरएमएस’चा, आणि तो खोक्यावर कुठे शोधूनही सापडत नाही. भाच्याने त्यावर आणखी पाणी ओतलं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. म्हणजे शंभर वॅटवाल्या शेजाऱ्याच्या दुप्पट वाजायचं तर हजार वॅट घ्यावे लागणार. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. साऊंडवाला म्हणाला, “मंग घ्या ना हजार.” गणितात चूक नव्हती.

मग हवामान. बाहेरच्या स्पीकरवर ‘आयपी ६५’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला सहा म्हणजे आत धूळ जात नाही, दुसरा पाच म्हणजे पाण्याची धार मारली तरी चालतं. धूळ आणि पाणी झालं, पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन असतं त्याला आकडा नाही. कागदाचा पडदा असलेला घरातला स्पीकर बाहेर टांगला, तर पावसाळ्यात तो भिजून लोळागोळा होतो आणि उन्हाळ्यात वाळून पापड. म्हणून बाहेरच्यांत प्लास्टिकसारखा पॉलिप्रॉपिलीनचा पडदा असतो. वानरांसाठीही आकडा नाही. सकाळी वानरांची टोळी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाते तेव्हा लोंबकळणारी वायर ही तिच्या दृष्टीने सरकारी सोय असते. भोंग्यात तर गांधीलमाशा घर करतात. पुढल्या वेळी भोंगा सुरू झाला की आधी माशा बाहेर पडतात, मग गाणं.

काकूंना एक प्रकार मनापासून आवडला. दगडाच्या आकाराचा स्पीकर! बागेत ठेवला की खरा दगडच वाटतो, आवाज मात्र त्याच्यातून येतो. काकांनी तो एक नमुन्याला आणला आणि जास्वंदीच्या बुडाशी ठेवला. पहाटे फुलं तोडायला येणाऱ्या मागच्या गल्लीतल्या आजी नेहमीप्रमाणे आल्या. दगडातून हरिपाठ सुरू होता. आजी थबकल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ओच्यातली दोन फुलं काढून दगडावर वाहिली आणि चपला बाजूला काढून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर होता. तिसऱ्या दिवशी नारळ. आता त्या दगडातून काकांना जुनी हिंदी गाणी लावायची सोय राहिली नाही. एकदा चुकून एक कॅबरे लागला तर आजी आठवडाभर काकूंशी बोलल्या नाहीत. भाचा म्हणाला, “मामा, रिटर्न करा.” काकू म्हणाल्या, “शेंदूर लागलेला परत घेतात का रे ते?”

उरले भिंतीवरचे. इथे जागेचा प्रश्न आला आणि प्रश्न आला तो कायमचाच. आत खोलीत भिंती, छत, फरशी आवाज आपसात फिरवत ठेवतात. थोड्या वॅटमध्येही भरून येतं. बाहेर आवाजाला अडवणारं कोणी नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ऐंशी असेल तर दोन मीटरवर चौऱ्याहत्तर, चारवर अडुसष्ट, आठवर बासष्ट. घनगंभीर खर्ज तर मोकळ्या हवेत आधी पळतो. त्याला धरायला पाठीशी भिंत लागते, कोपरा मिळाला तर आणखी बरं. म्हणून शहाणपणाची जागा म्हणजे पोर्चच्या स्लॅबखाली, भिंतीला पाठ, तोंड खाली आणि आत, खुर्च्या मांडतो त्या दिशेने. भाच्याने चित्र काढून पाठवलं. चित्रात चार लहान स्पीकर पोर्चच्या चार कोपऱ्यांतून काकांच्या खुर्चीकडे पाहत होते.

काकांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे आपला आवाज आपल्यालेच?”

सगळ्या प्रकरणाचं मर्म या एका वाक्यात आहे. चांगलं ऐकू यावं म्हणून स्पीकर लावणं वेगळं आणि चांगलं ऐकवावं म्हणून लावणं वेगळं. पहिल्यासाठी स्पीकर लहान, खाली, जवळ आणि घराकडे तोंड केलेले हवेत. दुसऱ्यासाठी मोठा, वर, लांब आणि रस्त्याकडे तोंड केलेला. विज्ञान पहिल्याच्या बाजूने आहे. पिपरी मेघे दुसऱ्याच्या. साऊंडवाला शिडी लावून गच्चीच्या कठड्यापाशी पोहोचला, एका हाताने स्पीकर धरला आणि खाली वाकून त्याने धंद्यातला एकमेव महत्त्वाचा प्रश्न विचारला, “तोंड कोणीकडे ठेवू, काकाजी?”

काकांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. रस्त्याच्या त्या कडेला अठरा नंबर.

याबाबत कायदा आहे, आणि तो फार गमतीचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा. दिवस सकाळी सहाला सुरू होतो, रात्री दहाला संपतो. घरच्या स्पीकरचा आवाज कुंपणापाशी या मर्यादेच्या फार तर पाच डेसिबल वर जावा. म्हणजे दिवसा साठ. आता, एक मीटरवरून दोन माणसं साधं बोलली तर तेच साठाच्या आसपास भरतं. कायद्याने तुमच्या स्पीकरला कुंपणाशी उभं राहून गप्पा मारण्याइतकीच परवानगी दिली आहे. त्यातही हे साधं बोलणं कुठलं धरलं, हा प्रश्न आहेच. आमच्याकडची दोन माणसं कुंपणापाशी उभी राहून कापसाच्या भावावर बोलली, तर स्पीकर लावायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते. काकांचा स्पीकर एका मीटरवर ऐंशीचा धरला तरी आठ मीटरवरच्या कुंपणाला बासष्ट. पण काका ऐंशीवर कुठले थांबतात?

त्यांची तरी काय चूक? मैदानात एकटे थोडेच आहेत? सकाळी घंटागाडी आपलं गाणं घेऊन येते. तिच्या मागे भाजीवाला, त्याच्या हातगाडीवर रेकॉर्ड केलेला भाव. टोमॅटो कधीच संपून गेले तरी रेकॉर्ड टोमॅटोच विकत असतो. मग भंगारवाला. कोणाकडे साक्षगंध असलं तर धुमाल बँड. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, चौदा एप्रिल असतो, गणपती असतात, देवी असते. देवीच्या मंडळाचा एक भोंगा मंडपात असतो आणि दुसरा गल्लीच्या तोंडाशी, वायर टाकून. वायरीतून आवाज तत्क्षणी पोहोचतो, हवेतून मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या चालीने. मंडप १७० मीटरवर असला तर तोच शब्द अर्ध्या सेकंदाने पुन्हा येतो. हरवलेल्या पोराचं नाव पुकारलं की आमच्या गल्लीला दोन पोरं हरवल्यासारखी वाटतात.

आणि उन्हाळा. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर हे मूळ वाद्य आहे, बाकी सगळी साथ. प्रत्येक खिडकीला एक लोखंडी कूलर, ताट्या ओल्या, पंखा घरघरतोय, खाली पंप गुळगुळतोय. मार्च ते जून काकांनी स्पीकर कितीही मोठा केला तरी अठरा नंबरात त्याचा पत्ता लागत नसे. कारण अठरा नंबरवाल्या काकू कूलरपुढे बसलेल्या. काका समजले की शेजारी खूश आहेत. त्यांनी बटण आणखी दोन घरं पुढे सरकवलं.

मग हिवाळा आला. कूलर बंद झाले, खिडक्यांपुढून उचलले गेले, आणि निसर्गाने काकांची बाजू घेतली. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची ऊबदार राहते. अशा हवेत वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून डिसेंबरात वर्धा स्टेशनवरच्या गाडीची शिट्टी अंगणात वाजल्यासारखी येते आणि कुठल्यातरी लांबच्या लॉनमधली हळद आपल्याच घरची वाटते. बटण उन्हाळ्याचं, हवा हिवाळ्याची. अठरा नंबरला आता सगळं ऐकू येऊ लागलं. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, “काकाजीले म्हणा, जरासा कमी करा.” काका म्हणाले, “कमीच तर आहे.”

कायद्याने जमलं नाही, भौतिकशास्त्राने जमलं नाही, ते शेवटी ब्लूटूथने जमवलं.

काकांचा फोन स्पीकरला जोडलेला असे. एका संध्याकाळी काका अंगणात झाडांना पाणी घालत होते, वर भीमसेन जोशी चालू होते, आणि आर्वीहून काकूंच्या बहिणीचा फोन आला. गाणं थांबलं. ओट्यावर पडलेला फोन काकूंनी पदराला हात पुसत उचलला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. कानात काहीच येईना. यायचं कसं? आवाज गच्चीवर गेला होता. हजार वॅटमधून, रस्त्याकडे तोंड करून, आर्वीच्या मावशींनी सबंध ले-आउटला विचारलं, “काय वो बाई, कशी आहेस? अन् थे समोरची अठरा नंबरवाली अजून तशीच कटकट करते काय?”

काकू फोन झटकत म्हणाल्या, “ऐकू नाही येत वो, मोठ्यानं बोल!”

मावशी मोठ्यानं बोलल्या. त्यांना अठरा नंबरविषयी बरीच माहिती होती. सुनेविषयी, गेल्या दिवाळीतल्या चकल्यांविषयी, आणि वाटी भरून नेलेल्या पण परत न आलेल्या साखरेविषयी. आवाज स्वच्छ होता. खर्जही चांगला भरला होता, कारण स्पीकरच्या पाठीशी पाण्याच्या टाकीची भिंत होती. गल्लीतली पोरं क्रिकेट थांबवून उभी राहिली. भाजीवाल्याने आपला रेकॉर्ड बंद केला. काका नळी टाकून शिडी शोधायला धावले, मग फोनकडे धावले, मग मेन स्विचकडे. स्विच पडेपर्यंत मावशी चकल्यांच्या मोहनापर्यंत पोहोचल्या होत्या.

अठरा नंबरचं दार शांतपणे लागलं. तो आवाज दहा डेसिबलही नसेल, पण सतरा नंबरात स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी साऊंडवाल्याला बोलावणं गेलं. भाच्याने पाठवलेलं चित्र काढून त्याच्या हातात दिलं. वरचे उतरले. पोर्चच्या स्लॅबखाली चार लहान लागले, भिंतीला पाठ, तोंडं खाली. फोनची जोडणी तोडली आणि मेमरी कार्ड घातलं, त्यातून कोणाची बहीण बोलत नाही. आता काका संध्याकाळी खुर्चीत बसतात, आणि खरं सांगायचं तर इतकं छान त्यांना आधी कधी ऐकू आलं नव्हतं. तंबोऱ्याची तार सुटी कळते. कुंपणापाशी उभं राहिलं तर काही वाजतंय एवढंच समजतं. परवा पंधरा नंबरवाले जाता जाता थांबले आणि काळजीने म्हणाले, “काय काकाजी, स्पीकर बिघडला काय?” असा प्रश्न कानावर आला की समजावं, स्पीकर अगदी योग्य जागी लागला आहे. काकांचं तोंड मात्र दिवसभर उतरलेलं होतं.

उतरवलेले दोन मोठे साऊंडवाल्याने निम्म्या किमतीत परत घेतले. ते फार दिवस त्याच्या दुकानात राहिले नाहीत. कालच दुपारी तो शिडी घेऊन अठरा नंबरच्या गच्चीवर चढलेला दिसला. एका हातात तोच स्पीकर, आणि खाली वाकून तोच प्रश्न, “तोंड कोणीकडे ठेवू, काकू?”

अठरा नंबरवाल्या काकूंनी कमरेवरचे हात काढले नाहीत. “सतराकडे ठेव,” त्या म्हणाल्या. “अन् फोन कसा जोडाचा, थे बी दाखवून जाय. माही बी बहीण हाये पुलगावले.”